खाली राहिलेला स्टँड

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. नळाला पाणी चाळीस मिनिटे. मनालीची मोटरसायकल घराखाली तीनदा बंद पडली. न्यूट्रलमध्ये इंजिन नीट चालते. क्लच दाबून पहिला गिअर टाकला की बंद. ८.५० ऐवजी ९.१० ला निघाली. धामणकर नाक्याच्या सिग्नलला पुन्हा बंद पडली, मागे सुताचा ट्रक होता, असे संध्याकाळी हसत सांगितले. मला हसू आले नाही.

ट्रकाबद्दलचे वाक्य कमळाबाईंनी पुन्हा एकदा वाचले आणि वही मिटली. वय बहात्तर, आणि कपाटात अशा साठ वह्या. कल्याणच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना एका सिस्टरने सवय लावली होती: पाहिलं तेवढंच लिहायचं, पण पाहिलेलं गाळायचं नाही. लग्न होऊन त्या भिवंडीत आल्या, सासरच्या भातखाचरांवर गोदामे उभी राहिली, नवरा गेला, मुलगा-सून दिघाशीला राहायला गेले. वही चुकली नाही. आता घरात त्या आणि नात मनाली, दोघीच. मनाली मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर होती आणि रोज मोटरसायकलने जायची.

मोटरसायकलचा आवाजच कमळाबाईंना नको वाटे. सोळा वर्षांपूर्वी केसरीनाथ, त्यांचे यजमान, गोदामाचे पत्रे बघायला मानकोलीला निघाले होते. गाडीचा साइड स्टँड खालीच राहिला. डाव्या वळणावर गाडी कलली, स्टँड रस्त्यात रुतला, गाडी आडवी झाली आणि मागून कंटेनर आला.

आता ही गाडी भर नाक्यावर, ट्रकांच्या पुढ्यात बंद पडत होती. रात्रभर त्यांच्या डोळ्यांपुढे तो सुताचा ट्रक उभा राहिला. बुधवारी सकाळी त्या वही आणि पेन घेऊन मनालीच्या मागोमाग जिना उतरल्या.

"आजी, वर जा ना. लोक बघतायत."

"बघू देत. चालू कर."

इंजिन सुरू झाले, छान घुमू लागले.

"आता गिअर."

गिअर पडला आणि गाडी गप्प.

"पेट्रोल?"

"टाकी फुल आहे."

"बॅटरी?"

"बॅटरी गेली असती तर चालूच झाली नसती, इन्स्पेक्टरबाई!"

चौथ्या वेळी बंद पडली तेव्हा मनालीने वैतागून, वर केलेल्या स्टँडलाच टाचेने लाथ हाणली. मग गिअर टाकला, आणि गाडी चालली. कमळाबाईंनी लिहून घेतले: ८.५७, स्टँडला लाथ, नंतर चालली.

गुरुवारी संध्याकाळी मनाली गाडी घेऊन रामनाथच्या गॅरेजात गेली, कमळाबाई रिक्षाने मागोमाग. गॅरेज घराच्याच रस्त्याला, नाक्याच्या अलीकडे. रामनाथ पन्नाशीचा, दिघाशीकडचा, केसरीनाथांना ओळखणारा. त्याने वहीतली नोंद ऐकली आणि हात पुसत हसला.

"काकी, ही वही गॅरेजातच ठेवा. माझं निम्मं काम वाचेल. या लाथेनं सगळं सांगितलं."

"म्हणजे?"

"स्टँडच्या बुडाशी एक स्विच असतो. स्टँड खाली असला आन् गिअर टाकला, तर तो इंजिन बंद करतो. माणूस स्टँड खाली ठेवून जाऊच शकत न्हाय. हिच्या स्विचात चिखल गेलाय, आतून झिजलाय पण. स्टँड वर केला तरी त्याला वाटतं खालीच हाय."

कमळाबाई त्या काळ्या, बोटभर स्विचकडे बघत राहिल्या.

"हा पूर्वी नसायचा?"

"जुन्या गाड्यांना कुठला, काकी?" रामनाथने मान खाली घातली.

"मग नवाच बसव. आजच," असे सांगून, हायसे वाटून त्या घरी आल्या. तासाभराने मनाली आली.

"झालं काम?"

"झालं. मस्त चालते आता."

त्या रात्री त्यांना झोप लागली.

शुक्रवारी नऊला दहा कमी असताना त्या रोजच्यासारख्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या होत्या. खाली मनालीने हेल्मेट चढवले, गाडी सुरू केली, गिअर टाकला. गाडी बंद पडली नाही. कमळाबाईंनी सुटकेचा श्वास घेतला आणि त्याच क्षणी त्यांना चाकाच्या बाजूला काहीतरी लोंबताना दिसले. स्टँड. स्टँड खाली होता आणि गाडी चालली होती.

त्यांना आधी कळेचना. स्टँड खाली असताना गाडी जाऊच शकत नाही, कालच रामनाथ म्हणाला होता. मग कळले. नवा स्विच बसवलाच नव्हता, जुन्याचेही काम बंद केले होते. आणि वर्षभर त्या स्विचच्या भरवशावर राहिलेली मनाली आता स्टँडकडे बघतही नव्हती.

"मनाली! स्टँड! मनाली!"

खालच्या कारखान्यातले लूम खडखडत होते. कमळाबाईंची हाक त्यांच्या स्वतःच्याच कानापर्यंत पोचली नाही. गाडी सरळ गल्लीने नाक्याकडे गेली. नाक्यावर पहिलेच वळण डावे.

कमळाबाईंनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. मनालीचा फोन बॅगेत असायचा. रामनाथचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर होता. वही सापडली, चष्मा सापडेना. तो गळ्यातच होता. बोट दोनदा चुकीच्या आकड्यावर पडले. सोळा वर्षांपूर्वीही त्या याच गॅलरीत उभ्या होत्या. केसरीनाथांच्या गाडीचा स्टँड त्यांना तेव्हाही दिसला होता. हाक मारायला तोंड उघडले होते. मग मनात आले, रस्त्यावर कुणीतरी सांगेलच, सगळेच ओरडून सांगतात. आणि त्या आत जाऊन कुकर लावायला लागल्या होत्या. हे एवढे त्यांनी कुठल्याच वहीत लिहिले नव्हते.

"हॅलो, कोण?"

"रामनाथ, मी कमळाकाकी. मनाली तिकडेच येतेय. तिचा स्टँड खाली आहे."

"आयला!"

फोन आपटल्याचा आवाज झाला, पण तो चालूच होता. कमळाबाईंनी तो कानाशी इतका घट्ट धरला की कान दुखू लागला. हॉर्न. धावणारी पावले. रामनाथचा लांबून आवाज: "ए मनाली! ओ भाईजान, रोको उस को! लाल हेल्मेट! रोको, रोको!" मग एका मोठ्या गाडीचा ब्रेक, लांबलचक. मग नुसताच गोंगाट. एक रिक्षा, दुसरी रिक्षा. कुणीतरी हसले. कमळाबाई खुर्ची शोधत जमिनीवरच बसल्या.

किती वेळ गेला, हे त्यांना नंतरही सांगता आले नाही.

"काकी?" रामनाथला धाप लागली होती. "काकी, हाय. पोरगी माझ्याजवळ हाय. नाक्यावर ट्रॅफिक जाम होता म्हणून गाठली. वळायच्या अलीकडंच."

"तिला दे."

"आजी, अगं काय झालं तरी काय? सगळा नाका बघतोय."

"घरी ये," कमळाबाई म्हणाल्या. "चालत ये."

मनाली आली ती तोंड फुगवून. नवा स्विच यायला चार दिवस लागणार होते, तिने सांगितले. तोवर स्विच वगळून दोन वायर डायरेक्ट जोडून दे म्हणून तिनेच रामनाथला गळ घातली होती. तो आधी नाहीच म्हणत होता. आजी घाबरेल म्हणून सांगितले नाही.

"आणि आजी, एवढं काय? कुणीतरी ओरडलंच असतं ना. लोक सांगतातच."

कमळाबाईंनी तिच्याकडे पाहिले. मग, सोळा वर्षांत मुलालाही न सांगितलेली गोष्ट त्यांनी तिला सांगितली. गॅलरी, स्टँड, उघडलेले तोंड, कुकर. मनालीने हातातले हेल्मेट खाली ठेवले. ती म्हणाली, "मी रामनाथकाकांना सांगते, वायर काढून टाका. स्विच येईपर्यंत गाडी तिथेच राहू दे."

"सांग. माझ्यासमोर सांग."

तिने फोन केला. पलीकडून रामनाथ म्हणाला, "वायर कवाच तोडली, बाय. तुझ्या आजीला तोंड कसं दाखवू, तेवढं सांग."

संध्याकाळी कमळाबाईंनी वही उघडली. अक्षर तिरके आले. त्यांनी लिहिले:

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. आज सकाळी मनालीच्या गाडीचा स्टँड खाली होता, मी पाहिला. २००९ साली यांच्या गाडीचाही मी पाहिला होता. गाडी रामनाथकडे. मनाली कामावर गेली नाही. तिच्या डब्यातली भेंडी दुपारी दोघींनी घरीच खाल्ली, उरली नाही.