सिस्टरना मागे जायचं नव्हतं

प्रेमाचे सिनेमे बघताना आमच्या सिस्टर रडायच्या नाहीत, भांडायच्या. त्यातही त्यांना एकाच जातीचे सिनेमे आणि मालिका लागत. आजची एखादी मुलगी तळ्यात पडते आणि कोण्या जुन्या राजाच्या काळात बाहेर निघते, किंवा जुना सरदार लिफ्टचं दार उघडून थेट आजच्या ऑफिसात येतो. मग फजिती होते, मग प्रेम. परदेशी मालिका, हिंदीत आवाज दिलेल्या. नायिका राजवाड्याच्या बागेत पडून गुडघा फोडून घ्यायची, राजपुत्र तिच्याकडे बघत राहायचा, आणि सिस्टर टीव्हीला म्हणायच्या, "बघत काय बसला, जखम धू आधी. आणि या पोरीले देवीची लस कुठी टोचलेली आहे? तिथं साथ असंल तर काय करशील?"

सिस्टर म्हणजे माझ्या घरमालकीण. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या, सत्तरीला टेकलेल्या, एकट्या. नागपुरात बेसा रोडच्या एका लेआउटमध्ये त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर होतं. खाली त्या, वरच्या खोलीत मी. माझं गाव नरखेड तालुक्यातलं, नोकरी मिहानमधल्या एका कंपनीत. ऑफिसात दिवसभर कानाला हेडफोन, घरी आलं की खोलीत पंख्याचा आवाज. या शहरात माझ्याशी विनाकारण बोलणारं माणूस म्हणजे सिस्टर. गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचं पहिलं नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

रविवारी दुपारी त्या जिन्याखाली उभ्या राहून हाक मारत, "येतं का वं? आज नवीन लागून राहिलं." मी खाली जायची. कूलर सुरू असायचा, ताटलीत भिवापुरी मिरचीचं तिखट लावलेले मुरमुरे असायचे. पहिला भाग संपेपर्यंत आम्ही बोलत नसू. म्हणजे मी बोलत नसे.

त्यांची एक गोष्ट मला सुरुवातीला कळली नव्हती. मुलगी मागच्या काळात गेली की सिस्टर कुरकुर करत, आणि मागचा माणूस आजच्या काळात आला की खूश होत. एकदा मी विचारलं, "सिस्टर, तुम्हाले मागं जायला भेटलं तर कुठल्या काळात जाल?"

"कुठल्याच नाही."

"काहून?"

"हे लोक पाहा, गेले की राजाच्याच वाड्यात पडतात. गरिबाच्या वस्तीत कोणी पडून राहिलं का? मले पाठवलं तर मी कुठी पडीन, ते मले माहीत आहे." मग आवाज न बदलता म्हणाल्या, "माझ्या आजीले विहिरीवर चढू देत नव्हते. तिनं इथं नागपुरात दीक्षा घेतली, तिथून आमचा काळ सुरू झाला. त्याच्या मागं मले कोणी नेऊ नये. पुढं न्यायचं तर चप्पल घालून तयार आहे मी."

त्यानंतर मी नायिका तळ्यात पडणाऱ्या मालिका शोधून काढायचं सोडलं. सरदार लिफ्टमधून येणाऱ्या शोधू लागले.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी फाटकाशी गाडी थांबली. मीच फाटक उघडलं. उंच, वाकलेले, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उभे होते. म्हणाले, "शालिनी इथंच राहते ना?" मी नाही म्हणणार होते, इतक्यात मागून सिस्टर आल्या. पदराला हात पुसत होत्या. थांबल्या. म्हणाल्या, "या, डॉक्टर."

डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तू अजिबात बदलली नाहीस."

सिस्टर हसल्या, पण ते गेल्यावर मला म्हणाल्या, "बदलली नाही म्हणजे काय? मंग इतकी वर्षं मी काय करून राहिली होती?"

त्या संध्याकाळी त्यांनी मला थोडक्यात सांगितलं. दोघं तरुणपणी एकाच दवाखान्यात होते. डॉक्टर मोठ्या घरचे, वेगळ्या जातीचे. दोघांचं जमलं होतं. लग्नाचा विषय निघाला की डॉक्टर म्हणत, आईची तब्येत जरा ठीक होऊ दे, योग्य वेळ बघून घरी सांगतो. वेळ आली नाही. त्यांनी घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी लग्न केलं आणि पुण्याला गेले. सिस्टरना दोन-तीन स्थळं आली, त्यांनी नको म्हटलं. आता डॉक्टरांच्या पत्नी वारल्या होत्या, मुलं परदेशात होती, आणि हिवाळाभरासाठी ते धरमपेठेत पुतण्याकडे आले होते.

ते दर रविवारी येऊ लागले. आम्ही तिघं टीव्ही बघायचो. डॉक्टरांना आधी या मालिका पोरकट वाटत. मग एकदा राजवैद्यानं नायिकेला कसलीशी मुळी उगाळून पाजली आणि दोघं भांडायला लागले. डॉक्टर म्हणाले, हा हिवताप आहे. सिस्टर म्हणाल्या, "थंडी वाजून कुठं राहिली तिले? टायफाइड आहे." डॉक्टर म्हणाले, रक्त तपासल्याशिवाय बोलू नये. सिस्टर म्हणाल्या, "राजवाड्यात लॅब कुठी आहे?" दोघंही इतके हसले की पुढचं प्रेमाचं दृश्य आम्ही कोणी पाहिलंच नाही. सिस्टरना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हसताना त्या तोंडावर हात ठेवत, शाळेतल्या मुलीसारख्या.

त्या हिवाळ्यात त्यांनी चष्म्याची नवी फ्रेम घेतली. जांभळ्या रंगाची एक साडी आणली आणि मला दाखवून परत घडी करून ठेवली. "भडक आहे का वं?" मी नाही म्हटलं. भाजी निवडता निवडता एकदा मान वर न करता त्यांनी विचारलं, "या वयात लग्न केलं तर लोक हसतील का?"

"डॉक्टरांनी विचारलं का?"

"विचारलं. पुण्याले चल म्हणतात."

"मंग हसू द्या लोकांले."

भाजी निवडण्याचा त्यांचा हात भरभर चालू लागला.

मग पुतण्याच्या घरून जेवणाचं बोलावणं आलं. एकटीनं जायला त्यांना अवघड वाटत होतं, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. जांभळी साडी नेसल्या होत्या. घर छान होतं, माणसं चांगली होती, पाहुणेही बरेच होते. पुतण्याच्या सुनेनं पाणी दिलं आणि सहज विचारलं, "आजोबा, या कोण?"

डॉक्टरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हसून म्हणाले, "या आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर. फार हुशार. आमच्या वेळी यांच्याशिवाय वॉर्ड चालायचा नाही."

"हो का," सून म्हणाली. आणि सिस्टरना तिनं आपल्या सासूच्या गुडघेदुखीबद्दल विचारलं. सिस्टरनी नीट समजावून सांगितलं. जेवल्या, वाढणारीचं कौतुक केलं, निघताना सगळ्यांना नमस्कार केला. ऑटोत बसल्यावर बराच वेळ बाहेर बघत होत्या. घराचं वळण आलं तेव्हा म्हणाल्या, "वांग्याची भाजी चांगली होती." तेवढंच.

पुढच्या रविवारी डॉक्टर आले. सिस्टरनी चहा केला, टीव्ही लावला नाही. मी उठून वर जायला निघाले तर म्हणाल्या, "बस तू. कोणीतरी ऐकलं पाहिजे."

मग डॉक्टरांना म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मले सिस्टर म्हणालात."

"सगळ्यांसमोर एकदम कसं सांगायचं? योग्य वेळ बघून सांगणारच होतो."

"तेव्हाही तुम्ही वेळच बघत होते."

"शालू, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तो काळच तसा होता. आता कोण आडवं येणार आहे?"

"कोणीच नाही. तेच तर म्हणते मी. तेव्हा तुमची आई होती. आता कोणी नाही, तरी तुमच्या तोंडून निघत नाही."

डॉक्टर कपाकडे बघत राहिले. चहावर साय आली होती. थोड्या वेळानं ते उठले. सिस्टर फाटकापर्यंत सोडायला गेल्या, गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि फाटकाची कडी लावून आत आल्या.

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "तुम्ही त्यांना अजून थोडा वेळ द्यायचा."

"सिनेमात दोघांच्या मधात काळ असते," त्या म्हणाल्या. "एक इकडं, एक तिकडं. म्हणून मले ते सिनेमे आवडायचे. वाटे, आमचंही तसंच होतं. पण आमच्या मधात काळ नव्हताच वं. उगाच त्याच्यावर खापर फोडलं."

त्यानंतर काही रविवार त्यांनी हाक मारली नाही. मी आपणहून खाली गेले तर त्या बसलेल्या असत, टीव्ही बंद. सवयीनं त्या बोलत, ऑफिसचं विचारत, माझ्या गावच्या संत्र्याच्या बागेला बहर कसा आहे ते विचारत. पण मध्येच थांबत, आणि थांबल्यावर घरात काही उरत नसे. मी वर जाताना म्हणत, "मालिका लावू का?" त्या म्हणत, "राहू दे. आता भांडाले दम नाही." त्यांच्या घरात एकटेपण आधीही होतं, पण आधी ते नेहमीचं होतं, अंगवळणी पडलेलं. हिवाळ्यातल्या त्या थोड्या रविवारांनी ते मोडलं होतं, आणि आता ते पुन्हा बसवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

उन्हाळ्यात, एका भर दुपारी, सिस्टर गेल्या. मी ऑफिसात होते. शेजारच्या काकूंचा फोन आला. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात न्यायच्या आधीच. त्यांचा भाचा भिवापूरहून आला आणि त्यानं सगळं केलं.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीचा, कार्यक्रम जवळच्या बुद्धविहारात होता. डॉक्टरांना फोन मीच केला. त्यांनी तारीख तेवढी विचारून घेतली. येतील असं मला वाटलं नव्हतं. वंदना संपता संपता ते आले आणि शेवटच्या रांगेत बसले. पुण्याहून आलेले, उन्हानं थकलेले. एकेक जण उठून सिस्टरबद्दल बोलत होता. कोणाचं बाळंतपण त्यांनी केलं होतं, कोणाच्या मुलाला नर्सिंगला घातलं होतं. सगळे सिस्टर, सिस्टर म्हणत होते.

मग डॉक्टर उठले. माइक धरणाऱ्यानं विचारलं, "आपली ओळख?"

लोक मागं वळून बघू लागले तसा त्यांनी माइक हातात घेतला. मग म्हणाले, "मी शालिनीशी लग्न करणार होतो. तिची तयारी होती. माझी हिंमत झाली नाही. हे मी कुठंच कधी सांगितलं नाही." माइक त्यांनी परत दिला आणि खाली बसले.  मग सूत्रसंचालकानं पुढचं नाव घेतलं.

मी घरी आले. उन्हं कलली होती. जिना चढून वर गेले, पर्स टाकली आणि तशीच धावत खाली आले. दारावर भाच्यानं लावलेलं नवं कुलूप होतं. सांगायचं होतं, आणि ऐकणारं कोणी नाही.

मग मी तिथंच पायरीवर बसले आणि हळू आवाजात सांगितलं, "सिस्टर, ते उभे राहिले. माइक हातात घेतला. आणि तुमचं नाव घेतलं त्यांनी, सगळ्यांसमोर."