बुजवलेली खिडकी

आमच्या गावच्या देवळाच्या दक्षिणेकडच्या भिंतीत एक बुजवलेली खिडकी आहे. देऊळ म्हणजे ख्रिस्ताचं देऊळ. आमच्याकडे चर्चलाही देऊळच म्हणतात. अधूनमधून शहरातून कॉलेजची मुलं येतात, भिंतींची मापं घेतात, कमानीचे फोटो काढतात आणि त्या खिडकीपाशी येऊन थबकतात. कुणीतरी त्यांना सांगतं की ऊन फार यायचं म्हणून बुजवली. कुणी सांगतं, चोरांच्या भीतीनं. मी शेजारीच बसलेली असते आणि गप्प राहते. ती खिडकी माझ्या हट्टापायी मोठी झाली आणि माझ्या डोळ्यांदेखत बुजली. तिची खरी हकिगत आजवर मी कुणाला सांगितलेली नाही.

गाव राहुरीच्या वर, माळावरचं. धरण जवळ, पण पाणी खालच्या अंगाला. आमच्याकडे पाणी नाही, दगड मात्र मागाल तेवढा. माझे वडील, आबा, गवंडी होते. काळ्या दगडावर छिन्नी ठेवली की तो कुठे फुटेल हे त्यांना आधी कळायचं. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला लागलं तेव्हा आबांना त्याचा संताप यायचा. चांगल्या दगडाचा भुगा करायचा आणि रस्त्यावर पसरायचा, हे त्यांना बघवत नसे.

म्हणून फादरनी देवळाचं काम काढलं तेव्हा आबा पहिल्याच दिवशी गेले. मजुरी म्हणून मिलो मिळायचा, ती तांबडी परदेशी ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण पोटात काहीतरी पडायचं. फादर युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ खेड्यातले. आमच्याकडे येऊन वीस वर्षं झाली होती तरी मराठी बोलायचे पुस्तकातली. त्यांच्याकडे त्यांच्या गावच्या देवळाचे फोटो होते. देऊळ आठशे-नऊशे वर्षांचं. जाडजूड भिंती, अर्धगोल कमानी आणि हात जेमतेम बाहेर निघेल एवढ्या खिडक्या. या बांधणीला रोमनेस्क म्हणतात, असं ते सांगायचे. त्या काळी तिकडे गावोगाव अशी देवळं उठली. बांधणारे आमच्यासारखेच खेड्यातले गवंडी, आणि एकाचंही नाव कुणाला माहीत नाही.

आबांनी फोटो उन्हात धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "फादर, हे तर आपल्या बारवेवानी हाय. तशीच कमान, तसाच दगुड."

फादर खूश झाले. त्यांनी दुसरा फोटो काढला. त्यात दगडांवर बारीक खुणा होत्या. ज्यानं दगड घडवला त्यानं आपली खूण त्यावर कोरायची, अशी तिकडच्या गवंड्यांची पद्धत. दुसऱ्या दिवसापासून आबाही आपल्या प्रत्येक दगडाच्या कोपऱ्यात छिन्नीचे तीन बारीक घाव घालू लागले. आई म्हणाली, "आता काय, म्हाताऱ्याला देवळाची मालकी मिळाली." पण पाण्याला जाताना ती वाट वाकडी करून ते तीन घाव बघून यायची, हे मी पाहिलं होतं.

वर्षभरात भिंती उठल्या. अडीच हात जाड. चुना दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, पण ती ओढणारे बैल गुरांच्या छावणीत गेलेले. मग आम्ही बायकांनीच घाणी ओढली. वेदीच्या पुढे मोठी कमान आली. तिच्याखाली अकोल्याकडून आणलेल्या सागाच्या वाशांचा गोल ढाचा उभा केला होता आणि त्याच्यावर आबांनी एकेक दगड बसवत नेला होता. चुन्याला महिनाभर पाणी पाजावं लागतं. इथे टँकर आठवड्यातून दोनदा, घरटी दोन हंडे. भांडी विसळलेलं पाणी आबा देवळात नेऊन कमानीवर शिंपडायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चुना तहानलेलाच राहिला.

वर पत्रे टाकून रविवारची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, आत सुरू झाली होती, आणि माझं भांडण इथूनच सुरू होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि सातवी झाले होते. बहुतेकांना वाचता येत नसे, म्हणून गाण्याची एकेक ओळ मी पुस्तकातून वाचून सांगायची आणि मग सगळ्यांनी म्हणायची, अशी रीत होती. नव्या देवळाच्या अंधारात मला पुस्तक दिसेना. एका रविवारी दोन ओळी गाळून मी भलतीच ओळ सांगितली, अर्धे एक गाऊ लागले, अर्धे दुसरंच. लोक हसले. मी लाजेनं मेले.

मी फादरना सरळ म्हटलं, "देऊळ बांधलंय का धान्याचं पेव? खिडकी मोठी करा."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, या बांधणीत भिंत सर्व भार वाहते. कमान आपल्या पायाशी भिंतीला बाहेर ढकलते. तेथेच मोठे भोक पाडले, तर भिंत कोणाच्या बळावर उभी राहील? आमच्या लोकांनी शेकडो वर्षे अंधारात प्रार्थना केली ती हौसेने नव्हे."

मला ते पटलं नाही. पटवून घ्यायचंच नव्हतं. थोड्याच दिवसांत फादरना कावीळ झाली आणि त्यांना पुण्याला नेलं. मग मी आबांच्या मागे लागले. रोज, जेवताना, उठता-बसता. तुम्हाला येत नाही म्हणून सांगा ना, असंही बोलले. हे बोलायला नको होतं. गवंड्याला त्याच्या लेकीनं म्हणायची गोष्ट नव्हे ती.

आबांनी चार दिवसांत दक्षिणेची खिडकी रुंद केली. कमानीच्या पायापासून हातभर अंतरावर. पुढच्या रविवारी पुस्तकावर ऊन पडलं आणि मी गाणी अशी सांगितली की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. आबा मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून बघवत नाही.

पंधरा दिवसांनी सरपंच चार माणसं घेऊन आमच्या दारात आले. गावची विहीर खोल नेण्याचं काम चाललं होतं. खाली मुरूम सुटला होता आणि बाजू ढासळत होत्या. आदल्या दिवशी एक जण कमरेपर्यंत गाडला गेला होता.

"मिस्त्री, कमानीखालचे वासे पायजेत," सरपंच म्हणाले. "बाजूला लावल्याबिगर खाली उतरता येत न्हाई. गावात दुसरं लाकूड ऱ्हायलंय कुठं? सगळं चुलीत गेलं."

आबांनी देवळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चुना कच्चा हाय."

"पानी लागलं तर तुमचा चुना बी पिईल की, मिस्त्री."

पाण्यासाठी ढाचा काढायचा आणि ढाचा काढायचा तर आधी चुन्याला पाणी हवं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आबा नाही म्हणू शकले नाहीत. फादरनीही दिलेच असते, एवढंच त्यांनी आईला सांगितलं.

ज्यानं कमान बांधली त्यानं ढाचा काढताना तिच्याखाली उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. आबांनी टोपी काढली आणि मधोमध उभे राहिले. पाचरी एकेक करून ठोकून काढल्या. ढाचा खाली आला. वर कुठेतरी दातावर दात घासल्यासारखा आवाज झाला, थोडी माती आबांच्या केसांत पडली, आणि कमान उभी राहिली. लोकांनी "जय ख्रिस्त" म्हटलं आणि वासे विहिरीकडे नेले. आई रडत होती. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून कमानीच्या पायापर्यंत एक भेग दिसली. केसाएवढी.

आबांनी माझी जुनी वही मागितली. तिच्या पानाच्या तीन पट्ट्या फाडल्या, मिलोच्या पिठाची खळ केली आणि भेगेवर आडव्या चिकटवल्या. भिंत हलली तर कागद फाटतो. दुपारी मधली पट्टी फाटली. संध्याकाळपर्यंत तिन्ही. आबांनी नव्या चिकटवल्या. सकाळी त्याही फाटल्या होत्या.

"वासे परत आणा," मी ओरडले. "टेकू द्या!"

"खाली मानसं हाईत," आबा म्हणाले. "वासं काढलं तर मानसं जातील. भित पडली तर भितच जाईल."

"आणि मग आता काय?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "बुजवायची."

मला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की तुझ्यामुळे. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी उलटून भांडले तरी असते.

गडी सगळे विहिरीवर. आम्ही तिघंच. आई आणि मी दगड ओढून आणायचो, आबा घडवायचे आणि लावायचे. चुना नव्हताच, असता तरी पाणी नव्हतं. दगडावर दगड, कोरडा. तीन दिवस आम्ही त्या हलत्या भिंतीखाली काम केलं. पोटात मिलोची पेज. आबांनी त्या दगडांवर आपली खूण घातली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चूक झाकाया लावलेल्या दगडाला कशाची खून?"

शेवटचा दगड सगळ्यात वरचा. त्याआधी आबांनी भेगेवर एक नवी पट्टी चिकटवली. तो असा घट्ट बसायला हवा होता की वरच्या भिंतीचा भार त्याच्यावर यावा. मी पहार लावून दगड उचलून धरायचा आणि आबांनी खालच्या फटीत दगडाच्या कपऱ्या सारायच्या, असं ठरलं. मी पहारीवर सगळा भार टाकला. आबांचा उजवा हात फटीत होता. तेवढ्यात वर काहीतरी कुरकुरलं. मी मान वर केली आणि भेगेवरच्या पट्टीकडे पाहिलं. पहार माझ्या हातातून सुटली.

आबा ओरडले नाहीत. आई ओरडली. तिनंच पहार उचलली आणि दगड वर केला, कुठून बळ आलं कोण जाणे. हात बाहेर आला तेव्हा अंगठा तेवढा ओळखू येत होता. आबांनी डाव्या हातानं हातातली उरलेली कपरी फटीत सारली, आणि मग खाली बसले.

विहिरीवरून माणसं धावत आली. काय झालं, काय झालं. आबा म्हणाले, "माजाच हात चुकला." मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

खडीच्या ट्रकमधून त्यांना नगरला नेलं. दवाखान्यात चारी बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही, आईला विचारलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "कागुद फाटला का?"

मला काय माहीत? मी त्या पट्टीकडे पाहिलं होतं खरं, पण नंतर जे दिसलं त्यात बाकी सगळं पुसून गेलं होतं. मी म्हटलं, "न्हाई, आबा." ते झोपले. मी रात्रभर खाटेच्या पायाशी बसून देवाला सांगत राहिले की मला खोटी पाडू नको. मला क्षमा कर, हे काही मी म्हटलं नाही. तेवढं तोंडच नव्हतं.

आठव्या दिवशी मी एकटी गावात आले ती थेट देवळात गेले. आत पूर्वीसारखा काळोख. हातानं चाचपडत भिंतीपाशी पोचले. पट्टी अखंड होती. मी ती बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मग तिथेच बसले आणि मोठ्यानं रडले. चार बोटं घेऊन ती भिंत थांबली होती.

विहिरीला पाणी लागलं नाही. काळा पाषाण लागला. वासे परत आले आणि देवळाच्या मागे पडून राहिले.

फादर पुण्याहून आले, वाळून काटक्या झालेले. त्यांनी बुजवलेली खिडकी पाहिली आणि आबांचा हात पाहिला. तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "आमच्या गावच्या देवळात कोणाकोणाचे हात गेले असतील, हे मी कधी विचारलेच नाही." मला त्यांचा राग आला. त्यांनी मला चार शब्द सुनवायला हवे होते.

आबा घरी आले त्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही दोघंच मागे राहिलो. ते डावा तळहात भिंतीवर ठेवून उभे होते. मला आणखी सहन होईना.

"आबा, पहार माझ्या हातून सुटली. मी कागदाकडं बघत होते."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "म्हनून तर तुलाच इचारलं, फाटला का म्हनून."

ते त्या दगडांवरून हात फिरवत राहिले. नंतर वर पत्र्याकडे बघत, एखादं काम मनात मोजावं तसे म्हणाले, "तुला मातर अंधारच ऱ्हायला, पोरी. वरच्या अंगाला एक झरोका काढता येतो का बघतो. डाव्या हातानं जमंल हळूहळू."

घरी आल्यावर मी गाण्याचं पुस्तक उघडून अंगणात बसले. आणि पहिल्या पानापासून एकेक गाणं पाठ करायला घेतलं.