मैदानावरचं पाणी

माझ्या खिडकीतून कॉलनीचं कबड्डीचं मैदान दिसतं. शोभाकाकू गेल्यापासून तिथं नुसती धूळ उडते. घरातलं आवरून त्या रोज संध्याकाळी मैदानावर पाणी मारायच्या, पोरापोरींचे गुडघे फुटू नयेत म्हणून.

आज त्यांचे यजमान पाइप घेऊन उभे राहिले. माती भिजली, चिखल झाला, तरी थांबेनात. खेळायला आलेली मुलं कडेला उभी. शेवटी एक मुलगी म्हणाली, "काका, बास आता."

"ती एवढंच मारायची ना गं?"

माणूस गेलं तरी त्याचं काम आपण उचलू, असं वाटतं. कसलं काय! हातात नुसता पाइप येतो.

"हो काका, एवढंच," मुलगी म्हणाली. मैदानात कुणीच उतरलं नाही. पाणी चालूच होतं.