सात टाक्यांखालची खोली

लातूरच्या माझ्या घराला वर चार खोल्या आहेत. शिकवणीला आलेल्या मुलींना मी त्या भाड्याने देते. जागा सासऱ्यांची, म्हणून उताऱ्यावर नांदेडच्या दिरांचं आणि माझं नाव आहे. वरचा मजला मात्र मी, नवरा गेल्यावर, लोकांचे डबे करून चढवला. तरी भाड्यातलं निम्मं दर महिन्याला नांदेडला जातं. घर जुनं होत चाललंय, हे त्यांना कधी पटत नाही.

पूर्वी माझा एक नियम होता. वर्षातलं एका महिन्याचं भाडं मी डागडुजीला बाजूला काढायची. मोटर जळणं, नळ गळणं हा किरकोळ खर्च. पण वायरिंग, पाइप, गच्ची हे एक दिवस सगळंच बदलावं लागतं. दिरांनी हरकत घेतली. "वहिनी, झालाच नाही तो खर्च आमच्या हिश्श्यातून कशाला कापता?" मला असा राग आला की मीही बाजूला काढणं बंद केलं. ते ठेवत नाहीत, तर मी एकटीनं का ठेवू?

आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. ज्या घरात पाणी नाही तिथे मुली टिकत नाहीत. म्हणून गच्चीवर टाक्या वाढवत गेले. बांधताना दोन होत्या, त्या सात झाल्या. सगळ्या एकाच कोपऱ्यात, कारण तिथून पाइप जवळ, जोडणी स्वस्त. त्या कोपऱ्याखालच्या खोलीत नायगावची एक मुलगी राहायची.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या छताचे पोपडे पडले. मुरुडच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं काठीनं छत ठोकून पाहिलं. इतरत्र टणटण, कोपऱ्यात बद्द आवाज.

"ताई, आतलं लोखंड गंजून लई फुगलंय. टाक्या उतरवा अन् एवढा तुकडा तोडून नवा स्लॅब टाका."

मी तासभर घासाघीस केली, भाव उतरवला आणि निम्म्या पैशासाठी नांदेडला फोन लावला. "दिवाळीनंतर बघू," दीर म्हणाले. मग मी हट्टाला पेटले. त्यांचे पैसे आल्याशिवाय माझा रुपया निघणार नव्हता. मिस्त्रीकडून नुसतं प्लास्टर करून घेतलं, वरून चुना मारला. भेगा दिसेनाशा झाल्या. जाताना तो एवढंच म्हणाला, "मी सांगितलं व्हतं, ध्यानात असू द्या."

दिवाळी झाली. पैसे आले नाहीत. एका सकाळी ती मुलगी खाली आली.

"काकू, खोलीचं दार लागत न्हाई."

"फुगलं असेल. सुताराला सांगते."

"लोखंडाचं हाय की, काकू."

मी वर गेले. चौकट वरून दबली होती. पांढऱ्या छतावर पंख्यापासून भिंतीपर्यंत सरळ रेघ उमटली होती. तिच्या उघड्या वहीवर, उशीवर बारीक वाळू पडली होती.

चौघींना सामानासकट माझ्या खोलीत आणलं. गच्चीवर जाऊन सातही टाक्या सोडल्या. आदल्याच दिवशी भरलेलं पाणी गल्लीतून वाहू लागलं. समोरची बाई ओरडली, "अगं, येड लागलं का तुला? बादल्या तरी भरू दे!" मी तोट्या उघड्याच ठेवल्या. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज खालून दोनदा आला होता.

दिरांना फोन केला. ते म्हणाले, "टाक्या रिकाम्या झाल्या ना? मग आता कशाची घाई करून राहिल्या?" मी तोंडाला येईल ते बोलले आणि फोन ठेवला.

दुपारी मिस्त्री आला. मी त्या खोलीत उभी होते. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, वर बघून त्यानं आकडा सांगितला. मागच्या आकड्याच्या दुप्पट.

"दुप्पट? तूच उन्हाळ्यात मला—"

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "आधी भायेर या. भाव मग करू."