धडधडीची माणसं

माझ्या नणंदेइतकी मनापासून धडधड ऐकणारी व्यक्ती सबंध दिल्लीत दुसरी नसेल. हृदयरोगाचे डॉक्टर सोडून. ती टेक्नो संगीत बनवते आणि वाजवते. त्यात गाणं नसतं, शब्द नसतात. एकच ठोका बराच वेळ चालतो आणि त्याच्या भोवतीचं काहीतरी हळूहळू बदलत राहतं. लग्न होऊन मी पुण्याहून आले, तेव्हा वरच्या मजल्यावर फरशी फोडताहेत असंच मला वाटायचं.

ती वाढली सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. कॉलेज संपल्यावर शेजारच्या मुली बँकेच्या परीक्षांना बसल्या, तेव्हा हिने घरातल्या रजया भिंतींना ठोकून आपल्या खोलीचा स्टुडिओ केला. जानेवारीत सासूबाई कुडकुडत म्हणायच्या, "भिंतींना ऊब आहे, माणसांना नाही." ती दुपारी उठायची, चहाच्या आधी हेडफोन लावायची आणि बारा महिने काळे कपडे घालायची, त्यामुळे मराठी मंडळातल्या बायकांना ती फक्त संक्रांतीला पसंत पडायची. जेवताना मधेच हात वर करून आम्हाला गप्प करायची, कारण फ्रिजचा सूर बदललेला असायचा. मराठी तिचं घरापुरतं. सासरे एकदा वैतागून म्हणाले, "हिच्या संगीतात नुसता ठेका आहे!" तर ही खरोखर दुखावली. "बाबा, मी दारूला हातसुद्धा लावत नाही!" ठेका म्हणजे दिल्लीतलं दारूचं दुकानच नव्हे, मराठीत तालही असतो, हे मग मी तिला समजावलं.

तरी तिचं नाव होत गेलं. आधी गुडगावच्या क्लबांत, मग गोव्यात. आम्ही नोएडाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्या वर्षी तिची रेकॉर्ड जर्मनीत निघाली आणि युरोपभर वाजवायचं बोलावणं आलं. व्हिसाही मिळाला. नेमका त्याच सुमारास सासऱ्यांचा पार्किन्सन्स बळावला. चालता चालता ते दाराशी थिजायचे, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मोजून चालवा, असं फिजिओथेरपिस्टनी सांगितलं होतं. पण माझा नवरा "एक, दोन" म्हणायला लागला की ते चिडायचे. "मी काय कवायतीला उभा आहे?"

एका सकाळी ते असेच बाथरूमच्या दाराशी अडकले. नणंद खोलीतून स्पीकर घेऊन आली आणि तिने ठोका लावला, अगदी साधा. "मोजू नका बाबा. यावर पाय टाका." त्यांनी तोंड वाकडं केलं. पण उजवा पाय उचलला. मग डावा. सासूबाई भिंतीला टेकून रडू लागल्या.

त्या दिवसापासून सासरे तिचे कडक समीक्षक झाले. "ते मधलं छुनछुन काढ, लक्ष जातं." कुठल्या क्लबवाल्याचं जिने कधी ऐकलं नाही, ती निमूट काढायची. युरोपचं विचारलं तर, "अरे यार वहिनी, पोस्टपोन झालंय," एवढंच. पोस्टपोन झालं नव्हतं. तिच्या जागी दुसरंच कुणी गेलं, हे मला पुढे तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

एका दुपारी क्लब रिकामा असताना तिने त्यांना गुडगावला नेलं. माणसाएवढ्या स्पीकरपुढे सासरे काठी टेकून उभे राहिले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. "इथे ऐकू येतं हे," म्हणाले. "घरी कळलंच नव्हतं." ती पाठ फिरवून वायरी गुंडाळत बसली.

पुढच्या हिवाळ्यात ठोकाही चालेनासा झाला. ती तो रोज थोडा हळू करत गेली. शेवटी दोन ठोक्यांच्या मधे खालच्या भाजीवाल्याची हाक पुरी ऐकू यायला लागली, आणि तरीही पाय उचलला नाही. ती स्पीकर बंद करायला वाकली, तेव्हा सासरे म्हणाले, "असू दे. जरा ऐकत बसू." मी खुर्ची दिली. ती त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली. ऊन सरकेपर्यंत दोघं ठोका ऐकत होती.

वैशाखात ते गेले. ती आता बर्लिनला असते. बरं चाललंय म्हणते. सासूबाई रविवारी तिला फोन करतात आणि "जेवलीस का?" एवढंच विचारतात. मग ती काय सांगते त्यापेक्षा तिच्या मागे काय वाजतंय, तेच कान देऊन ऐकत राहतात.