भिमाच्या गाडीचा तिसरा दांडा

भिमा वेल्डर म्हणजे हट्टी माणूस. त्याची शेड खाली टोकावड्याच्या रस्त्याला आणि घर वर डोंगरातल्या पाड्यावर. पाड्यावर वीज आली, मोबाइल आला, रस्ता तेवढा आला नाही. आजारी माणूस उतरवायचा तर झोळी बांधायची, चौघांनी खांदा द्यायचा आणि दगडधोंड्यांतून दीड तास चालायचं. भिमाने एकदा मोबाइलवर कुठल्याशा देशातली गाडी उभ्या कातळावर चढताना पाहिली. झालं! भंगारातली जीप आणून तो तिच्यामागे हात धुऊन लागला.

जीपचा एक्सल अरुंद. तिरक्या दगडावर चाक गेलं की गाडी कलंडायची. म्हणून त्याने एक्सलची नळी कापून वीतभर तुकडा जोडला आणि आतला, चाक फिरवणारा दांडाही सांधून तेवढाच लांब केला. पहिला दांडा ओढ्यात मोडला, दुसरा पहिल्याच चढाला. लोक म्हणाले, भिमाच्या गाडीलाच आता झोळी लागायची.

त्यातच एकुलती लेक सारिका गरोदर. सासर मुरबाडात, हॉस्पिटल पाच मिनिटांवर. इथंच राहू दे, असं सासू म्हणाली. भिमाची बायको बाईजाही तेच म्हणाली. पण पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तेही आपल्या गाडीच्या जोरावर करायची भिमाला खुमखुमी. ओटी भरली तसा तो लेकीला वर घेऊन गेला. दिवस भरायच्या आत गाडी दारात उभी करतो म्हणाला. कुणाचं ऐकेल तर शपथ.

पहिले दोन दांडे मोडले ते सांधा झटकन गार झाला म्हणून, हे त्याला आता कळलं होतं. तिसऱ्याला त्याने पहाटे वेल्ड मारला आणि दांडा भाताच्या तुसाच्या गरम राखेत पुरला. दुपारपर्यंत हळूहळू निवू द्यायचा, हात लावायचा नाही. सात वाजता बाईजाचा फोन आला. तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या, झोळीला माणसं उभी होती.

"झोळी नको," भिमा म्हणाला. "मी गाडी घेऊन येतो."

आठला राख उकरून तो दांड्यावर थुंकला. चर्रकन आवाज झाला. नऊला पुन्हा थुंकला, पुन्हा तेच. आत्ता बसवला तर वाटेत मोडणार, आणि थांबावं तर वर लेक तळमळतेय. तो येरझारा घालत होता, देवाला आणि स्वतःला शिव्या घालत होता. बाईजाचा फोन आला की आणखी अर्धा तास मागत होता. साडेनऊला सारिकाच बोलली.

"बाबा, येतोस ना?"

भिमाचा धीर सुटला. झोळी बांधा, म्हणून तो फोनवरच ओरडला आणि डोंगराकडे पळत सुटला. अर्ध्या वाटेत झोळी भेटली, तेव्हा एकाला बाजूला करून त्याने आपला खांदा दिला. मुरबाडला पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. सारिका वाचली. बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. ते दोन तास कुठं गेले हे भिमाने कुणाला सांगितलं नाही. बाईजाला सांगायची गरजच नव्हती.

सारिकाला आईबरोबर माहेरीच जायचं होतं, आणि तिच्याने डोंगर चढवणार नव्हता. म्हणून चौथ्या दिवशी भिमाने दांडा बसवला. गाडी ओढा चढली, कातळ चढली, थेट दारात जाऊन उभी राहिली. दांड्याने कुरकूरसुद्धा केली नाही. पाड्यावरचं कुणी हसलं नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून भिमा ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी तो लेकीला आणायला खाली मुरबाडला आला. ती शेजारी बसली, बाईजा मागे. चढ लागला तशी भिमाने गाडी दामटली. सारिकाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"हळू चालव, बाबा," ती म्हणाली. "आता कसली घाई हाय?"