बिरागोचा तळतळाट

बिरागोच्या हाताला आमच्या अख्ख्या सुआमे वस्तीत तोड नव्हती. गॅरेजांमधले मिस्त्री भर दुपारी तिच्याच टपरीवर येऊन बसायचे. उकडून कांडलेल्या कंदाचा, फुफूचा गोळा आणि पामफळांचं लालभडक कालवण. आणि तोंड? बाई गं! "काय रे, बायकोनं हाकललं का, की इथंच मुक्काम ठोकलायस?" असं म्हणत ती वाढायची आणि ते दात काढत अजून मागायचे. माझं शिवणाचं मशीन तिच्या टपरीला लागूनच, त्यामुळे माझीही करमणूक व्हायची. नवरा कधीच पळालेला. एकच पोरगी, आचिया, शाळेत जाणारी, आईचा जीव की प्राण.

कालवण उतरलं की पहिला डाव बिरागो जमिनीवर ओतायची, मेलेल्या आईच्या नावानं. "घे आई, आज मीठ बरोबर पडलंय." आमच्यात पितरांना दारू ओततात. हिच्या आईला दारूचा तिटकारा होता, म्हणून कालवण. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. पाठमोरी बिरागो, धूर, आणि जमिनीशी बोलणं. पहिल्यांदा आला तेव्हा मलाही हसू आलं. पण तो फिरत फिरत परत आला तेव्हा त्यावर कुणाचा तरी आवाज चढवला होता. ही बाई भुताला जेवू घालते, त्याचंच उष्टं गिऱ्हाइकाला वाढते, म्हणून गिऱ्हाईक सुटत नाही! शाळेतल्या पोरांनी आचियाला 'भुताची पोर' म्हणून मेसेज पाठवून पाठवून नको केलं. म्हणाल, पोरंच ती. अहो, मग थोरांनी काय दिवे लावले? आमच्या चर्चचा पंच बोआडी, डोक्याचे केस पांढरे झालेला माणूस, त्यानं चर्चच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सांगितलं, "या बाईला इथून हाकला, नाहीतर जाळा." आणि त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं कुणी टाकली? ज्यांच्या लग्नाचे कपडे मी शिवले, त्या बायकांनी. मेल्यांनो, त्याच टपरीवर बोटं चाटलीत ना तुम्ही!

बाकडी ओस पडली. एका सकाळी टपरीच्या दारात गळा चिरलेली मांजर टाकलेली होती. बिरागोनं ती उचलली, पुरली, हात धुतले आणि मला म्हणाली, "आब्राफी, मी नदीवर जाते."

खोटा आळ आला की आमच्याकडे माणूस पोलिसाकडे जात नाही, नदीच्या देवस्थानावर जातो. अंडी फोडायची, दारू ओतायची आणि शाप बोलायचा. उतरवायचा तर दोषी माणसानं पुढे येऊन कबूल व्हावं लागतं, मेंढरू द्यावं लागतं. मी तिचा हात धरला. "अगं, नाव माहीत नसताना बोलू नकोस."

"नाव नदीला माहीत असतं," असं म्हणून तिनं हात झटकला.

गुडघाभर पाण्यात उभी राहून ती ओरडली, "ज्यानं हा व्हिडिओ काढला, त्याची कातडी सोलून निघू दे! कबूल झाल्याशिवाय त्याला सोडू नकोस!" काठावर कुणीतरी तेही फोनमध्ये घेतलंच. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांकडे पोचलं आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. व्हिडिओ पुढे कुणी ढकलला नव्हता? प्रत्येकाला वाटलं, शाप आपल्याच अंगावर येणार.

रविवारी चर्च सुटलं तसा घोळका टपरीवर आला. पुढे बोआडी, मागे गॅरेजातली शिकाऊ पोरं, एकाच्या हातात टायर, एकाच्या पेट्रोल. गळ्यात टायर अडकवून माणसाला पेटवतात, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक आहे.

"शाप मागे घे, चेटकिणी!"

बिरागोनं फुफू कांडायचं मुसळ उचललं. "एक पाऊल टाक, टाळकं फोडते तुझं!" पहिला पुढे आला त्याचं मनगट कडकन मोडलं. दुसऱ्यानं तिच्या कपाळावर पाना हाणला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी ती मुसळ फिरवतच होती. तिसऱ्यानं केस धरून तिला चुलीपाशी पाडलं.

तेवढ्यात आचिया मागच्या दारातून धावत आली आणि मध्ये पडली. "आईला मारू नका! व्हिडिओ मी काढला! मैत्रिणींना नुसतं हसायला पाठवला होता! पुढे काय झालं मला नाही माहीत!"

बिरागोच्या हातातलं मुसळ गळून पडलं. तिचा तो चेहरा देवा, वैऱ्यालाही दाखवू नकोस.

"ऐकलंत? घरातूनच निघालं!" बोआडी ओरडला आणि चुलीवरच्या पातेल्याला त्यानं लाथ घातली. अख्खं उकळतं कालवण पोरीच्या पायांवर, मांडीवर गेलं. ती किंचाळली ते मी सांगू शकत नाही. आणि भोवती फोन वर धरलेले, एकही हात मदतीला नाही! मी कात्री घेऊन धावले आणि बोआडीच्या दंडात खुपसली. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

दवाखान्यात पोलीस आला. पोरीच्या पायांची कातडी पट्टीबरोबर निघत होती. त्यानं विचारलं, "कुणी केलं?"

"मी," बिरागो म्हणाली. "माझ्या तोंडानं केलं. लिहून घ्या."

"काय बोलतेस, सटवे!" मी ओरडले. "बोआडीनं लाथ मारली! मी पाहिलं, पन्नास जणांनी पाहिलं!"

"तुम्ही कात्रीवाल्या ना? तुमचं नंतर बघतो," पोलीस म्हणाला. आईचा जबाब मिळाला होता, त्याचं काम हलकं झालं होतं. तो निघून गेला. पन्नास फोनांतल्या एकातही ती लाथ सापडली नाही, आणि बोआडी पुढच्या रविवारी हात गळ्यात बांधून प्रार्थनेला उभा राहिला.

आचिया शुद्धीवर आली तेव्हा मी तिथंच होते. ओठ सुकलेले, आवाज जेमतेम फुटत होता.

"आई, नदीनं नाही गं. त्या बोआडीनं लाथ मारली. मी बघितलं."

बिरागोनं तिच्या कपाळावरचा घाम पुसला. "झोप, बाळा. शाप उतरवायला मी नदीला मेंढरू कबूल करून आलेय. लाथ त्याची, पण तो पाय नदीचाच होता."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड फिरवलं.